आमच्या हॉलमधली खिडकीजवळची जागा

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. विद्यार्थ्यांना अभ्यासाच्या सवयी आणि रोजच्या जगण्यातल्या चार उपयोगी गोष्टी सांगणारं काहीतरी लिहा म्हणाले. "इतकी वर्षं शिकवण्या घेतल्यात, तुमच्याइतकं कोण सांगणार?" हे ऐकलं आणि माझं जुनं दुखणं उठलं. कारण कोण सांगणार ते मला पक्कं ठाऊक आहे. भुईगावच्या जसिंता टीचर. संपादकांना त्यांचं नाव सुचलं नाही याचा मला झालेला आनंद मी लपवत नाही. सुचलं असतं तर मी आठवडाभर नीट जेवले नसते.

माझं वय आता देवाधर्माचं आहे, मत्सराचं नाही, असं माझी मुलगी म्हणते. पण या एका बाबतीत मी सुधारलेले नाही. तेव्हा वाचकांनी उपदेश घ्यावा आणि त्याला लागलेला करपट वास सोडून द्यावा.

लग्नानंतर आम्ही गिरगावातून वसईला आलो ते नव्वदीच्या सुरुवातीला. उमेळ्याच्या रस्त्यावर वाड्या तोडून इमारती उभ्या राहत होत्या. आमच्या गॅलरीतून एका बाजूला अजून केळी दिसायची आणि दुसऱ्या बाजूला वाळूचे ढीग. नवरा सकाळी मुंबईला जायचा तो दिवेलागणीनंतर उगवायचा. माझ्याजवळ बीएस्सी, बीएड आणि दिवसभर रिकामा हॉल. इमारतीतल्या बायकांनीच विचारलं, "पाटणकर बाई, आमच्या पोरांचं गणित बघाल का जरा?" मी बघितलं, आणि पुढची वीसेक वर्षं बघतच राहिले.

घरगुती क्लास म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. हॉलमधलं टीपॉय बेडरूममध्ये ढकलायचं, सतरंजी घालायची, टीव्हीवर चादर टाकायची. भिंतीला फळा. जिन्यात चपलांचा डोंगर, आणि त्यावरून समोरच्या बिऱ्हाडाशी वर्षातून एकदा ठरलेलं भांडण. क्लासच्या वेळात कुकर लावायचा नाही, कारण पहिली शिट्टी झाली की सगळ्या मुलांना भूक लागते. पालकांना वाटतं, आपण गणित आणि विज्ञान शिकवायचे पैसे देतोय. खरं काम असतं मुलाला एका जागी बसवणं. तो बसला की विषय अर्धा झाला.

बसवण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. माझं तत्त्व साधं होतं: ठरलेली वेळ, ठरलेली जागा. सतरंजीवर मी खडूनं चौकोन आखलेले असायचे. ज्याचा चौकोन त्याचा. घरीसुद्धा एकच कोपरा धरायचा, रोज तिथंच बसायचं, म्हणजे बूड टेकलं की डोकं आपोआप कामाला लागतं. उगाच आज पलंगावर, उद्या गॅलरीत असं चालायचं नाही. आणि हे खोटं नव्हतं. कितीतरी चंचल पोरं मी त्या चौकोनात बसवून मार्गाला लावली.

दुसरं माझं तत्त्व होतं पुस्तक मिटण्याचं. मुलं धडा पाच वेळा वाचतात, पिवळ्या पेनानं अख्खं पान रंगवतात आणि "झाला" म्हणतात. मी म्हणायचे, "मिट पुस्तक आणि सांग काय झाला." मग तोंडं बघण्यासारखी व्हायची. जे पुस्तक मिटल्यावर येतं तेवढंच आपलं, बाकीचं छापखान्याचं. हे मात्र शंभर टक्के माझं आहे, भुईगावचं नाही. कृपया नोंद घ्यावी.

पालक एकेक नमुने असायचे. सरकारी कचेरीतले एक गृहस्थ मुलाला घेऊन आले आणि अभिमानानं म्हणाले, "बाई, सुट्टीच्या दिवशी हा दहा तास खुर्चीतून उठत नाही." मी मुलाकडे बघितलं. तो उघड्या डोळ्यांनी झोपायला शिकलेला होता. त्याला मी अर्धा तास अभ्यास आणि मग इमारतीला एक चक्कर, असं लावून दिलं. वडील चिडले. मुलगा पास झाल्यावर पेढे घेऊन आले ते मात्र वडीलच, मुलगा खाली क्रिकेट खेळत होता.

आमची केतकी पाचवीत गेल्यावर तीही सतरंजीवर बसायला लागली. पहिल्याच दिवशी तिनं हात वर करून "आई, मला हे नाही आलं" म्हटलं आणि सगळी मुलं फिदीफिदी हसली. दुसऱ्या दिवसापासून मी नियम केला: पाच ते आठ मी बाई, आई नाही. तिनं मला बाई म्हणायचं, अहो-जाहो करायचं, आणि मी तिला इतरांसारखंच वागवायचं. शिक्षकांच्या घरातल्या मुलांना यात काही नवल वाटणार नाही. पोर गुणाची, तिनं नियम इतका पाळला की कधी कधी जेवताना "बाई, आमटी वाढा" म्हणून जायची आणि मग जीभ चावायची. आम्ही हसायचो. मी हे मैत्रिणींना कौतुकानं सांगायचे.

तिचा चौकोन खिडकीजवळचा. वारा यायचा, उजेड चांगला, फळा समोर. सगळ्या हॉलमधली उत्तम जागा मी माझ्या मुलीला दिली होती, तेवढा एक पक्षपात सोडला तर बाकी कडक शिस्त.

मग रूपाली गेली.

रूपाली उमेळे गावातली, हुशार, सुरेख अक्षराची. नववीच्या मे महिन्यात तिची आई आली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, "बाई, राग मानू नका, रूपा आता भुईगावला जाईल. तिची मावशी तिथं आहे ना. तिकडं जसिंता टीचर आहेत, रिटायर झालेल्या. ओट्यावर मुलं बसवतात."

"काय शिकवतात?" मी विचारलं.

"तसं काय शिकवत नाहीत. मुलंच करतात आपापलं. पण बाई, पोरगी गेल्या महिन्यात चार दिवस मावशीकडे राहून आली, ती स्वतःची तुटलेली बटणं स्वतः शिवून लावायला लागली. सकाळी हाक मारावी लागत नाही. एकटी होळीच्या बाजारात जाऊन भाजी घेऊन आली, तीसुद्धा घासाघीस करून." होळी म्हणजे सण नव्हे, वसई गावाजवळचं होळी, तिथला भाजीबाजार.

मी म्हटलं, "बोर्डात बटणं लावायला सांगत नाहीत हो." ती हसली, पण रूपाली गेलीच. पाठोपाठ आणखी दोघी. एका मुलाची आई तर जिन्यातून उतरता उतरता दुसरीला सांगत होती की टीचरांकडे पोरं कशी फुलतात. फुलतात! आमच्याकडे काय कोमेजत होती? माझा नुसता तिळपापड झाला. त्या दिवशी मी सगळ्या वर्गाला जास्तीची दहा उदाहरणं घातली, आणि ती का घातली ते एकाही पोराला कळलं नाही.

शेवटी न राहवून क्लासला सुट्टी असलेल्या एका संध्याकाळी मी स्कूटी काढून भुईगावला गेले. केळी घ्यायला, असं घरी सांगितलं. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना वाड्या, वळणावर पांढरा क्रूस. बावखल म्हणजे वाडीला पाणी द्यायचं तळं. ते ओलांडलं की टीचरांचं घर. त्या भावाच्या कुटुंबात राहायच्या. लग्न केलं नव्हतं, धाकट्या भावंडांची मात्र सगळ्यांची लावून दिली होती. हे मला रूपालीच्या आईनं न विचारता पुरवलं होतं.

मी पाहिलं ते असं. एक मुलगा बावखलाच्या पायरीवर भूगोल सांगत होता, ऐकायला समोर एक म्हातारी वाल सोलत बसलेली. दोघं ओट्यावर. एक फणसाखाली. आणि पाण्याचा पंप धडधडत होता त्याच्या अगदी शेजारी, कानठळ्या बसतील अशा जागी, आमची रूपाली मांडी घालून प्रमेयं लिहीत होती. तिनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

"या बाई, बसा. उमेळ्याच्या पाटणकर बाई ना?"

चोरी पकडली गेली. टीचर उंच, काटक, सुती साडीतल्या, मनगटावर पुरुषी घड्याळ. "केळी घ्यायला आले होते," मी म्हटलं.

"केळी पुढच्या घरी मिळतील. पण बसा घटकाभर. तुमच्याकडची मुलं ओळखू येतात हो. पुस्तक मिटून उत्तर देतात. पाया फार चांगला घातलाय तुम्ही."

म्हणजे बघा! भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही. कोळीवाड्यातली एक मुलगी तांब्या घेऊन आली, "पानी घ्या, मावशी." मी पाणी प्यायले आणि शक्य तितक्या सहज विचारलं, "ही मुलं अशी कुठंही का बसलीत?"

"आज इथं, उद्या तिथं. रोज बदलायचं," टीचर म्हणाल्या. "परीक्षेचं बाक कुठं ओळखीचं असतं? पंखा कुरकुरतो, बाहेर बँड वाजतो, शेजारचा पाय हलवतो. सुरुवातीला एका जागेची सवय बरी. पण पुढं मोडावी लागते ना."

तेवढ्यात ओट्यावरचा एक मुलगा कुरकुरला, "टीचर, भूक लागली."

"मग दप्तर भर आणि घरी जा. भूक लागली की घर. इथं फक्त पाणी मिळतं."

चर्चची घंटा झाली तशी मुलं आपापल्या घरी प्रार्थनेला पळाली. मी केळी न घेताच परत आले. घरी नवऱ्याला म्हटलं, "एवढी पोरं येतात, पण कुणाच्या हातावर कधी बिस्किटसुद्धा ठेवत नाही. चिक्कू आहे बाई." त्यांच्यात एक तरी दोष सापडला म्हणून मला त्या रात्री छान झोप लागली.

केतकी दहावीत गेली ती भारनियमनाच्या वर्षांत. संध्याकाळी दिवे जायचे, मी इमर्जन्सी दिवा फळ्याखाली ठेवायचे, आणि केतकी खिडकीशी, बाहेरच्या उरल्यासुरल्या उजेडात. तिला सगळं येत होतं. मी कुठलंही उदाहरण घालावं, तिनं ते सोडवावं. नव्वदच्या वर टक्के मी मनात धरून ठेवले होते, आणि खरं सांगायचं तर मनातच नव्हे, इमारतीतसुद्धा.

मुलांना बोर्डाची सवय व्हावी म्हणून त्यांच्या शाळेनं पूर्वपरीक्षा दुसऱ्या एका इमारतीत घेतली. बीजगणिताचा पेपर देऊन केतकी आली ती पांढरीफटक. निम्म्या प्रश्नांना तिनं हातच लावला नव्हता.

"काय झालं?"

"काहीच आठवेना. सगळं येत होतं मला, बाई. म्हणजे आई." ती रडायला लागली. "खिडकीजवळ बसले की सगळं येतं. तिथं भिंतीकडं तोंड करून बसवलं होतं. मी नुसती भिंत बघत बसले."

पुढच्या दोन पेपरांना तेच. मी तिला जास्तीचे पेपर सोडवायला दिले. खिडकीजवळ बसून तिनं ते सगळे बरोबर सोडवले, म्हणजे आजार काय तो माझ्या डोळ्यांसमोर होता. बोर्ड आता तोंडावर आलं होतं. आठवडाभरानं जेवताना तिनं ताटाकडे बघत सांगितलं, "मला भुईगावला जायचंय. जसिंता टीचरांकडे."

"लोक काय म्हणतील? पाटणकर बाईंची मुलगी दुसरीकडं शिकवणीला!"

"लोकांना सांग मावशीकडं जाते."

"तुला भुईगावात कुठली मावशी?"

"मग खरं सांग," ती म्हणाली.

नवरा सहसा क्लासच्या बाबतीत बोलत नाही. तो म्हणाला, "पोरीचं वर्ष जाईल. तुझा क्लास काय, चालेलच." मी त्याच्याशी चार दिवस कामापुरतं बोलले. पाचव्या दिवशी केतकीला स्कूटीवर मागे बसवलं आणि भुईगावला नेलं. टीचरांनी हसून "या बाई" म्हटलं, मला जिंकल्याचा कणभर भाव त्यांच्या तोंडावर नव्हता. तो असता तर मला किती बरं वाटलं असतं!

पहिल्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडू दिलं नाही. विचारलं म्हणे, "घरी काय करतेस?"

"अभ्यास."

"आणखी?"

केतकी पुन्हा अभ्यासच म्हणाली. मग टीचर म्हणाल्या, "उद्यापासून दोन-तीन दिवस इथं येऊ नकोस, घरी भात लाव. आईला सांग, स्वयंपाकघरात यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी हॉलमध्ये लसावि शिकवतेय आणि आतून करपल्याचा वास येतोय. वर्गातलं प्रत्येक नाक वर झालं. "बाई, काहीतरी जळतंय," एक शहाणा म्हणाला. "लक्ष फळ्याकडे," मी म्हटलं. उठून आत जाण्यासाठी माझा जीव नुसता खालीवर होत होता, पण गेले नाही. एवढी शिस्त माझ्यातही होती. तो भात आम्ही तिघांनी निमूट खाल्ला. तिसऱ्या खेपेला मोकळा झाला, आणि केतकीचा चेहरा असा काही खुलला होता, की माझ्याकडच्या पैकीच्या पैकी गुणांनी तो कधी तसा खुलला नव्हता. मला काय वाटलं असेल ते लिहायला नको.

भाताचा बीजगणिताशी काय संबंध, असं तुम्हीही विचाराल. मीही विचारलं, जरा खवचटपणेच. टीचर म्हणाल्या, "भात बिघडला तर पुन्हा लावता येतो, हे एकदा हाताला कळलं ना, की चुकलेल्या गणितापुढं हात थिजत नाही."

मग ती पोर रोज नव्या जागी पेपर सोडवायला लागली. पंपाशेजारी, फणसाखाली, भिंतीकडे तोंड करून. एका सकाळी तर होळीच्या बाजारात एका भाजीवालीच्या मागे पोत्यावर बसून तिनं भूमितीचा अख्खा पेपर लिहिला. भाजीवाली गिऱ्हाइकांना दटावत होती, "हळू बोला गो, पोरीची परीक्षा हाय." मनगटावर घड्याळ बांधायचं आणि तेच बघायचं, भिंतीवरचं शोधायचं नाही. अडलेला प्रश्न सोडून पुढं जायचं, पण त्याच्यासाठी कोरी जागा ठेवायची. पेनं, पट्टी, पाण्याची बाटली आदल्या दिवशी स्वतः भरायची, आईनं नाही. परीक्षेची शाळा आधी एकदा एकटीनं जाऊन बघून यायची, कुठली बस, कुठला जिना, नळ कुठं, सगळं. रात्री वेळेवर झोपायचं. विद्यार्थी मित्रांनो, संपादकांना हव्या असलेल्या उपयोगी गोष्टी त्या ह्याच. घ्या आणि वापरा, मला त्यांचा काही उपयोग नाही, मी त्या नुसत्या सोसल्या.

सोसल्या म्हणजे काय ते सांगते. पाच ते आठ माझ्या हॉलमध्ये खिडकीजवळचा चौकोन रिकामा. मी तिथं दुसऱ्या कुणाला बसवलं नाही. मुलं विचारायची, "बाई, केतकी कुठाय?" मी सांगायचे, "तिची तब्येत बरी नाही." मग आठला स्कूटी काढून भुईगावला जायचं, कारण परीक्षा जवळ आली तसं टीचरांनी मोठ्या मुलांना प्रार्थनेनंतरही थांबवायला सुरुवात केली होती. गल्लीच्या वळणावर, क्रूसापाशीच हसणं ऐकू यायचं. त्यात केतकीचं हसणं मला ओळखू यायचं, आणि ते माझ्या घरात मी फारसं ऐकलेलं नव्हतं. मी इंजिन बंद करून तिथंच उभी राहायचे. जरा वेळानं हॉर्न द्यायचे, गरजेपेक्षा जास्त जोरात.

वर त्या गावची बोली. तिकडच्या जुन्या घरांत आपसात बोलतात ती मला चार शब्दांपलीकडे कळत नाही. केतकीनं ती पंधरवड्यात उचलली. फोनवर टीचरांशी त्या बोलीत बोलायची, हसायची, आणि माझ्याच घरात, माझ्याच मुलीचं बोलणं मला समजायचं नाही. एकदा विचारलं, "काय गं, माझं काही चाललंय का?" तर म्हणाली, "नाही गं आई, त्यांच्या मांजरीचं." मांजरीचंसुद्धा मला कळू नये याचा मला राग आला.

निकाल चांगला लागला, ते इथंच सांगून टाकते. क्लासवाले निकालानंतर नाक्यावर गुणवंतांच्या फोटोंचे फलक लावतात, तसा मीही लावायचे. त्या वर्षी लावला नाही. केतकीचा फोटो घालवेना, कारण आपल्याच पोरीच्या यशावर मनातून हक्क वाटेना. आणि तिला वगळून बाकीच्यांचे लावायला मन होईना. टीचर फलक लावतच नसत, म्हणजे तिथंही मी एकटीच हरले.

पण मला सांगायचं आहे ते निकालाच्या आधीचं, बीजगणिताच्या पेपरचं.

केंद्रावर त्या दिवशी गोंधळ होता. वर्गांत जागा कमी पडली म्हणून काही मुलांना ऐनवेळी वरच्या गॅलरीत बसवलं, त्यात केतकीचा नंबर. गॅलरी रस्त्याच्या बाजूची, खाली रिक्षांचे हॉर्न, समोर नुसती भिंत. हे मला फाटकावरच्या शिपायाकडून कळलं. मी फाटकासमोर उन्हात उभी होते. पलीकडे, गुलमोहराखाली, जसिंता टीचर त्यांच्या भुईगावच्या मुलांसाठी आल्या होत्या. आम्ही एकमेकींकडे बघून मान हलवली. पेपर संपेपर्यंत ना त्या माझ्याकडे आल्या, ना मी त्यांच्याकडे गेले.

घंटा झाली. मुलं लोंढ्यानं बाहेर पडली. माझी मुलं माझ्याभोवती जमली, "बाई, सोपा होता," "बाई, पाचवा तुम्ही घेतला होता तोच आला." मी हो-हो करत त्यांच्या डोक्यांवरून बघत होते. केतकी बाहेर आली. तिनं मला पाहिलं, हात केला, आणि धावत गेली ती गुलमोहराखाली.

तिथं ती बोलतच राहिली. हातवारे करून, त्यांच्या त्या बोलीत, प्रश्न न् प्रश्न. टीचरांनी तिच्या पाठीवर थोपटलं. भिंत कशी होती, रिक्षा कशा वाजत होत्या, अडलेला प्रश्न कसा सोडला आणि परत येऊन कसा सोडवला, सगळं त्यांना. ती माझी मुलगी होती, माझ्या खिडकीत वाढलेली, तिला मी पाढे शिकवले होते, आणि तिचा हा दिवस ती दुसऱ्याच बाईच्या ओंजळीत टाकत होती. मला इतकं वाईट वाटलं, की समोरच्या मुलाला मी पाचव्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं सांगितलं. त्यानं ते दुरुस्त केलं.

मग ती आली. "बाई, बाई" करणाऱ्या माझ्या सगळ्या मुलांना कोपरांनी बाजूला सारत आली आणि सरळ माझ्या खांद्यावर डोकं टाकलं.

"आई, भूक लागलीय गं."

एवढंच. पेपराचा एक शब्द नाही. मीही विचारला नाही. माझे विद्यार्थी बघत होते आणि तिला त्याचं काही नव्हतं. "आणि भात आज मी नाही लावणार," ती खांद्यातच पुटपुटली.

तिच्या केसांवरून माझी नजर गुलमोहराकडे गेली. टीचर आमच्याकडेच बघत होत्या. भुईगावची मुलं त्यांच्याभोवती अजून काहीतरी सांगत होती, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा त्या उगाच सोडत होत्या आणि परत लावत होत्या. मला इतकी वर्षं अनेक विषय शिकवावे लागले, काही नीट येतही नव्हते. पण त्या चेहऱ्यावर जे होतं तो विषय माझा होता. तिथं माझी चूक होणं शक्य नाही. थोड्याच वेळात त्यांच्याभोवतीच्या त्या मुलांनाही भूक लागणार होती, आणि भूक लागली की घर.

"बस मागे," मी केतकीला म्हटलं.

घरचा रस्ता डावीकडून होता. मी स्कूटी उजवीकडून, गुलमोहराच्या अगदी समोरून नेली. आणि जरा सावकाशच, त्यांना नीट दिसावं म्हणून.